सोमवार ते शनिवारची दया: एका शिक्षिकेच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न बीड जिल्ह्यातल्या एका ख्रिस्ती शिक्षिकेचा आहे. थोडक्यात असा: "दर रविवारी उपासनेत 'दयाळू व्हा' हे ऐकते. पगार बेताचा, घरी सासू-सासरे आणि दोन मुलं. दारात मागणारे येतात, नातेवाईक उसने मागतात, शाळेजवळच्या वस्तीत ऊसतोडीला गेलेल्यांची म्हातारी माणसं मागे राहिली आहेत. मदतीला गेलं तर लोक धर्मांतराचा संशय घेतात. रोज नेमकं काय करायचं?"

ताई, बायबलमधल्या लूकच्या दहाव्या अध्यायातल्या शोमरोनी माणसापासून सुरुवात करू. लुटारूंनी वाटेत जखमी करून टाकलेल्या अनोळखी माणसाला त्याने मदत केली, अशी येशूने सांगितलेली ती गोष्ट. जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतणं, पट्टी बांधणं, आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेणं, एवढं सगळ्यांना पाठ असतं. पस्तिसाव्या वचनाकडे मात्र लक्ष जात नाही. दुसऱ्या दिवशी त्याने उतारशाळेच्या मालकाला दोन दीनार काढून दिले, म्हणजे त्या काळच्या मजुराची साधारण दोन दिवसांची मजुरी, आणि जास्त खर्च झाला तर परत येताना फेडीन असं सांगितलं. रक्कम ठरलेली, सांभाळणारा ठरलेला, परत यायचंही ठरलेलं. पहिल्या भेटीच्या वेळी मन भरून आलेलं असतं, म्हणून ती होऊन जाते. आपल्याकडे काम मोडतं ते दुसऱ्या भेटीला. नाताळात ब्लँकेट दिलं जातं आणि फेब्रुवारीत ती बाई जिवंत आहे का हे कुणाला माहीत नसतं. म्हणून पुढचं सगळं दुसरी आणि दहावी भेट कशी होईल, हे धरून लिहीत आहे.

आधी बाजूला काढून ठेवा

दारात माणूस उभा राहिल्यावर पाकिटात बघितलं की हिशेब सुरू होतो आणि तो बहुतेक वेळा त्या माणसाच्या विरुद्ध जातो. त्यासाठी पगार झाला त्याच दिवशी दयेचा वाटा वेगळा काढा. दशांश (उत्पन्नाचा दहावा भाग) मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, देत असाल तर तो तसाच राहू द्या; हा त्याच्याशिवाय. ३० हजार पगार असेल तर २ टक्के, म्हणजे ६०० रुपये पुरेत. त्यातले ४०० महिन्याच्या ठरलेल्या कामाला आणि २०० साठवणीला. साठवण वर्षाला २,४०० होते. रात्री अपरात्री कुणाला तालुक्याहून जिल्ह्याच्या दवाखान्यात न्यायचं तर गाडीभाडं त्यातून निघतं. एखाद्या महिन्यात वाटा उरला तर तो घरखर्चात परत घेऊ नका. एकदा घेतला की तिसऱ्या महिन्यात तो वाटा राहतच नाही.

धान्याचंही तसंच. मिझोराममधल्या ख्रिस्ती बायका प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ वेगळा काढतात. ही रीत तिथे १९१० पासून चालू आहे. आपल्याकडे ज्वारीची मूठ काढता येईल. मोठ्या माणसाची मूठ ४०-५० ग्रॅमची धरली तर दोन वेळच्या दोन मुठींचे महिन्याला जवळपास ३ किलो होतात. मंडळीतली दहा घरं मिळाली की ३० किलो. यात बिघडतं ते साठवणीत. दहा घरची ज्वारी एका पोत्यात ओतली आणि एका घरच्या धान्यात सोंडे असले तर सगळ्या पोत्याला लागतात. प्रत्येकाची ज्वारी उन्हात वाळवून, चाळून मगच एकत्र करा आणि महिन्याच्या वर ठेवू नका. देताना शक्यतो धान्यच द्या. पीठ द्यायचं झालं तर आठ-दहा दिवसांपुरतं, आणि बाजरीचं त्याहून कमी, कारण ते लवकर कडू होतं. जिला गिरणीपर्यंत चालवत नाही तिला धान्य दिलं तर मात्र दळून आणायची जबाबदारीही आपलीच.

आणखी एक. रेशनवर प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो आणि अंत्योदय कार्डाला ३५ किलो धान्य सध्या मोफत मिळतं. तरीही आपण किटमध्ये पुन्हा तांदूळ आणि गहूच भरतो. कमी पडतं ते डाळ, तेल, साखर-चहा, मीठ, अंगाचा आणि कपड्याचा साबण. दोन म्हाताऱ्या माणसांना महिन्याला २ किलो डाळ, दीड लिटर तेल, दीड किलो साखर, पाव किलो चहा, एक किलो मीठ, चार साबण, एवढ्याने घर चालायला मदत होते. दात नसतील तर तूर डाळीऐवजी मूग डाळ आणि सोबत रवा. साखरेचा आजार असेल तर साखर वगळून शेंगदाणे द्या. आणि हे सगळं विचारून करा. "काय आणू?" याला उत्तर बहुतेक "काही नको" असंच येतं, "डाळ संपली का? साबण आहे का?" असं नाव घेऊन विचारलं की खरं कळतं.

ऊसतोडीला गेलेल्यांच्या मागे राहिलेली माणसं

तुमच्या भागात दया करायची सगळ्यात मोठी जागा हीच आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या कारखान्यांकडे जातात, त्या मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. मुकादमाकडून घेतलेली उचल (आगाऊ रक्कम) फिटल्याशिवाय मधेच येता येत नाही. पाच-सहा महिने गावात म्हातारी आणि कधी कधी नातवंडं राहतात. तुम्ही सगळी वस्ती उचलू नका. दोन घरं घ्या. जास्त घेतली तर हंगामाच्या मध्यावर सगळीच सुटतात.

आठवड्यातला एक वार ठरवा आणि तो बदलू नका. मंगळवारी येते म्हटलं की म्हातारी मंगळवारी दार उघडं ठेवून बसते. येता येणार नसेल तर आदल्या दिवशी निरोप द्या. भेट अर्ध्या तासाची पुरे, आणि त्यात बघायच्या गोष्टी ठरलेल्या असाव्यात.

पहिली गोष्ट औषधं. रक्तदाबाच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून मोफत मिळतात. पाकीट हातात घेऊन गोळ्या मोजा. रोज एक गोळी असेल तर ३० मधल्या दहा दिवसांनी २० उरायला हव्यात. २५ उरल्या असतील तर रागावू नका, कारण शोधा. बहुतेकदा लेक येईपर्यंत पुरवायच्या म्हणून एकाआड एक घेतलेल्या असतात, किंवा सकाळची कोणती आणि रात्रीची कोणती हे ओळखू येत नाही. सकाळची चहाच्या डब्याजवळ आणि रात्रीची अंथरुणापाशी ठेवली की निम्मा घोटाळा मिटतो.

दुसरी गोष्ट रेशन. म्हातारपणी आणि कष्टाने बोटांच्या रेषा झिजतात, दुकानातल्या यंत्रावर अंगठा उमटत नाही आणि माणूस रिकामी पिशवी घेऊन घरी येतो. हात साबणाने धुऊन कोरडे करून दुसरं बोट लावून बघा. तरी जमलं नाही तर मोबाइलवर ओटीपी मागवता येतो, पण कार्डाला जोडलेला मोबाइल लेकाबरोबर कारखान्यावर असतो. त्याच्याशी आधी बोलून वेळ ठरवा आणि त्या वेळी दुकानात उभे राहा. असा अर्धा तास कुणीतरी द्यावा लागतो. नाहीतर सरकारी धान्य दुकानात पडून राहतं आणि घरात उपास घडतो.

तिसरी, फोन. लेकाशी बोलायची वेळ त्यालाच विचारा. उसाची गाडी भरायची वेळ रोज बदलते. आपल्या सोयीने लावलेला फोन तो उचलू शकत नाही आणि म्हातारीला वाटतं पोरगा बोलत नाही.

पासष्टच्या पुढचं कुणी निराधार असेल तर श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना, त्याहून लहान विधवा किंवा आधार नसलेलं माणूस असेल तर संजय गांधी निराधार अनुदान योजना. दोन्हींत महिन्याला १,५०० रुपये मिळतात. अर्ज तहसीलला, वयाचा पुरावा, वर्षाला २१ हजारांच्या आतलं उत्पन्न दाखवणारा दाखला, रहिवासी दाखला, आधार आणि त्याला जोडलेलं बँक खातं लागतं. अर्ज अडतो तो फार करून आधार आणि दाखल्यावरच्या नावातल्या फरकामुळे. आधी नाव सारखं करून घ्या, मग अर्ज द्या. चालू असलेली पेन्शन अचानक थांबली तर हयातीचा दाखला किंवा खात्याचं आधार जोडणं राहिलं आहे का, हे पहिल्यांदा तपासा. महिन्याला १०० रुपये हातावर ठेवण्यापेक्षा हे एक काम त्या माणसाला कितीतरी अधिक देऊन जातं, आणि तुमची बदली झाली तरी ते थांबत नाही.

घरात मृत्यू झाला असेल तर

माणूस गेल्यावर पहिले दिवस घर भरलेलं असतं. भाकरी-पिठलं शेजारून येतं, पाळक (मंडळीचे धर्मगुरू) येतात, प्रार्थना होते. खरी गरज तिसऱ्या आठवड्यापासून सुरू होते आणि नेमकं तेव्हा कुणी येत नाही. कर्त्या शेतकऱ्याने आत्महत्या केली असेल तर त्या घरी एक प्रश्न कधीच विचारायचा नाही: का केलं? तो विचारल्याशिवाय बसता आलं पाहिजे. आत्महत्या पाप आहे की नाही, ही चर्चा त्या ओसरीवर करणं क्रूरपणा आहे. मंडळीतल्या कुणाला तसं करताना बघितलं तर त्याला हाताला धरून बाहेर घेऊन या.

मग कागद. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत झाली पाहिजे; गावात ग्रामपंचायतीत, शहरात नगरपरिषद किंवा महापालिकेत. दाखल्यावर नाव आधारप्रमाणेच आलं आहे ना, हे तिथेच उभं राहून वाचा आणि निदान पाच प्रती घ्या. नंतर मृताचं बँक पासबुक घेऊन वर्षातल्या नोंदी ओळीने तपासा. वर्षातून एकदा ४३६ रुपये कापलेले दिसले तर तो प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा आहे, वारसाला २ लाख मिळतात. २० रुपये कापलेले असतील तर तो अपघात विमा. त्याचेही २ लाख, पण मृत्यू अपघाती असेल तरच. कितीतरी विधवांना आपल्या नवऱ्याच्या खात्यातून हे पैसे जात होते हेच माहीत नसतं आणि पासबुक पेटीत तसंच राहतं. साप चावून, वीज पडून शेतकरी गेला असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून २ लाखांची मदत आहे. त्यासाठी तालुका कृषी कार्यालयात लगेच जायला हवं. आत्महत्येच्या प्रकरणात सरकारी समितीने पात्र ठरवल्यावर १ लाख मिळतात, त्यातले ३० हजार हातात आणि ७० हजार ठेवीत.

सातबाऱ्यावर वारस म्हणून बाईचं आणि मुलांचं नाव लावायला तीन महिन्यांच्या आत अर्ज द्या. याच दिवसांत घरातलंच कुणी हक्कसोडपत्र पुढे करतं. तिला एवढंच सांगा की वाचून घेतल्याशिवाय कशावरही सही किंवा अंगठा नको, कोऱ्या कागदावर तर नाहीच. बचत गटाचं किंवा फायनान्सचं कर्ज असेल तर हप्ता मागायला आलेल्याला कर्जासोबत विमा उतरवला होता का, हे विचारा. बहुधा उतरवलेला असतो. सावकार दारात येत असेल तर त्याच्याकडे परवाना आहे का बघा. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याप्रमाणे विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे आणि बळकावलेल्या जमिनीची तक्रार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे करता येते. असं काम एकट्याने करू नका, दोघं-तिघं मिळून जा.

आणि त्या घरातलं उरलेलं माणूस "आता जगून काय करू" असं बोललं तर ते दुःखातलं बोलणं समजून सोडून देऊ नका. त्या रात्री कुणीतरी सोबत झोपा, कीटकनाशकाचा डबा घरातून हलवा, १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर बोलणं करून द्या. तिथे मराठीत बोलता येतं आणि पैसे पडत नाहीत.

दवाखान्यातली भेट

छत्रपती संभाजीनगरचा घाटी दवाखाना असो, अंबाजोगाईचा सरकारी दवाखाना असो, रुग्णाला निदान खाट आणि जेवण मिळतं. हाल होतात सोबतच्या माणसाचे. डबा न्यायचा तर त्याच्यासाठी न्या. एक चादर, बादली-मग, मोबाइलचा चार्जर आणि शंभर-दोनशेच्या सुट्या नोटा ही दवाखान्यातली खरी मदत. त्याहून मोठी मदत म्हणजे एक रात्र त्याच्या जागी बसून त्याला झोपू देणं. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेच्या टेबलावर आरोग्यमित्र असतो. रेशन कार्ड आणि आधार घेऊन त्याच्याकडे पहिल्याच दिवशी गेलं पाहिजे. आधी बिलं भरली आणि मग गेलं की अवघड होतं.

रुग्णाजवळ पंधरा मिनिटं पुरे. खाटेवर बसू नका, रोग खोदून विचारू नका, दुसऱ्याला याच आजारात काय झालं ते सांगू नका. प्रार्थना करायची तर आधी विचारा, हळू आवाजात, मिनिटभर. शेजारच्या खाटेवरचं माणूसही आजारीच आहे. विश्वास ठेव आणि गोळ्या सोड, असं कुणी सांगत असेल तर त्याला ठामपणे थांबवा. क्षयरोगाचं औषध साधारण सहा महिने चालतं आणि महिन्या-दोन महिन्यांत बरं वाटायला लागतं. तेव्हा सोडलं की जंतू औषधाला दाद देत नाहीत. तुमची तब्येत चांगली असेल, वजन ४५ किलोच्या वर आणि हिमोग्लोबिन १२.५ असेल तर रक्त द्या. बाईला चार महिन्यांनी, पुरुषाला तीन महिन्यांनी पुन्हा देता येतं. मे महिन्यात रक्तपेढ्यांत टंचाई असते, तेव्हा द्या.

उसने पैसे आणि मजुरी

नातेवाइकाने २० हजार मागितले तर त्याच दिवशी मनाशी ठरवा: हे परत आले नाहीत तर मी त्याच्या घरी पूर्वीसारखी जेवायला जाऊ शकेन का? नसेल जमत तर २० उसने देऊ नका. ३ हजार देता येत असतील तर ते देणगी म्हणून द्या आणि परत नकोत हे तोंडाने सांगा. जामीन राहू नका. नीतिसूत्रांच्या २२ व्या अध्यायातच त्याबद्दल बजावलेलं आहे आणि आजही संसार त्यानेच बुडतात. दारूत पैसे जाणार हे माहीत असेल तर किराणा दुकानात किंवा मुलाच्या शाळेत परस्पर भरा.

मजुरीबद्दल शास्त्र अगदी स्पष्ट आहे: दिवस मावळायच्या आत द्यावी (बायबलमधलं 'अनुवाद' हे पुस्तक, अध्याय २४). ख्रिस्ती घरात धुणं-भांडी करणाऱ्या बाईचे पैसे पाच तारखेवरून बारा तारखेवर जात असतील तर नाताळातल्या साडीने ते भरून निघत नाही. ती आजारी पडली तर खाडे कापू नका. शेत असेल तर कापूस वेचणीचा काटा मजुरासमोर धरा, सालगड्याशी पाडव्याला जे बोललात ते लिहून त्याच्याजवळ ठेवा, आणि भुईमूग-तुरीचा सरवा, म्हणजे काढणीनंतर शेतात उरलेलं, विधवांसाठी राहू द्या. बायबलमधली विधवा रूथ आणि तिची सासू नामी अशाच सरव्यावर जगल्या.

संशय घेतात, त्याचं काय

शोमरोनी माणसाने जखमी माणसाला त्याचा धर्म विचारला नाही, स्वतःचाही सांगितला नाही. तेच करा. मदतीबरोबर धर्मप्रचाराची पत्रिका नाही, फोटो नाही, पिशवीवर मंडळीचं नाव नाही. कुणाकडे जायचं हे गावातल्या आशा आरोग्यसेविकेला किंवा शाळेतल्या सहकाऱ्यांना विचारा आणि दुसऱ्या समाजातल्या एका शेजारणीला बरोबर घ्या. दोघी जाता तेव्हा बोलायला जागाच राहत नाही. यादीत आपल्याच मंडळीची घरं भरू नका. कुणी आपणहून विचारलं की तुम्ही हे का करता, तर खरं उत्तर द्या, थोडक्यात. पण "आमच्याकडे प्रार्थनेला या, मग बघू" हे वाक्य उच्चारलं की दयेचा सौदा झाला. मत्तय २५ मध्ये भुकेल्याला, तान्हेल्याला, परक्याला, उघड्याला, आजाऱ्याला आणि कैद्याला भेटायला सांगितलं आहे. त्यात आधी विश्वास धरलेला असावा, अशी अट नाही. जालन्याजवळ रेव्ह. नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकात बेथेल गाव वसवलं ते लोकांबरोबर मुक्काम करून. आपल्या भागातलं ख्रिस्ती काम तसं राहून केलेलं आहे.

मंडळीच्या आत मात्र एक वाईट सवय आहे. घरसभेत कुणाच्या घरचं भांडण "प्रार्थनेची विनंती" म्हणून मांडलं जातं आणि दुसऱ्या दिवशी ते गावभर होतं. विनंती नाव न घेता करा. मार खाणाऱ्या बाईला क्षमा कर आणि परत जा, असं सांगणं ही दया नाही. क्षमा तिने मनात केव्हा करायची ते ती आणि देव बघतील. आज तिला सुरक्षित जागा हवी. महिला हेल्पलाइन १८१, तातडीला ११२, आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकारी. तुरुंगात कुणी असेल तर भेट सहसा नातेवाइकांनाच मिळते. तुम्ही त्याच्या घरी जा आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो हे सांगा. कोठडीतल्या माणसाला आणि स्त्रियांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. फोन १५१००.

तुमची नोकरी बदलीची आहे, म्हणून शेवटचं. एक छोटी वही ठेवा: घर, भेटीचा वार, औषधं, कोणता अर्ज कुठे अडला आहे. कुणाची खासगी गोष्ट त्यात लिहू नका. बदलीचा आदेश आला की जाण्याआधी निदान दोन मंगळवार नव्या माणसाला घेऊन जा, त्याची ओळख करून द्या, आणि दुसऱ्या वेळी बोलणं त्याला करू द्या. वही त्याच्या हातात द्या. तिसऱ्या मंगळवारी त्याला फोन करून विचारा, गेला होतात का.